वर्तणुकीचा दाखला

"या मुलीला जबलपूरला पाठवता येणार नाही," चंपतराव म्हणाले आणि त्यांनी शाळेची नोंदवही यमुताईंच्या पुढे सरकवली. "तुम्हीच वाचा."

यमुताईंना वाचायची गरज नव्हती. आधीच्या मोठ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या ओळी त्यांना पाठ होत्या. 'तारा नत्थूजी पराते, इयत्ता आठवी. शर्यतीत दुसऱ्या शाळेच्या मुलीस मुद्दाम पाय घालून पाडले. त्या मुलीचे मनगट मोडले. जिंकलेली ढाल परत केली. दोन वर्षे खेळण्यास बंदी.'

साल एकोणीसशे एकोणचाळीस. चंपतराव पेशानं वकील आणि सीताबर्डीवरच्या या मुलींच्या शाळेचे अध्यक्ष. यमुताई कवायतीच्या बाई. जबलपूरला होणाऱ्या प्रांताच्या खेळांसाठी प्रत्येक शाळेनं एक मुलगी पाठवायची होती आणि तिच्या नावासोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा होता. ताराची बंदी गेल्याच महिन्यात संपली होती. ती दोन वर्षं कुंपणाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर एकटीच पळत राहिली होती. शंभर यार्डांत तिच्या जवळपास येईल अशी दुसरी मुलगी शाळेत नव्हती.

तारा आणि तिची आई गोदूबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. गोदूबाई घरच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम टाकून पाचपावलीहून पायी आली होती. यमुताई आत येताना ती म्हणाली होती, "बाई, पोरीनं चूक केली, ते खरं हाय. पण आता किती दिवस तेच ते? तुम्ही सांगा ना साहेबाले."

"जाऊ दे वं माय," तारा मधेच बोलली होती. "बाई, तुम्ही काही सांगू नका. मी नाही गेली तर नाही गेली."

चंपतरावांनी वही मिटली. "यमुताई, मला त्या मुलीचा राग नाही. पण उद्या तिथं हिनं पुन्हा कुणाला पाडलं तर? दाखल्यावर सही माझी असणार. मागच्या वेळी निदान पंचांनी पकडली म्हणून बरं."

"पंचांनी नाही पकडलं."

"मग कोणी?"

"कोणीच नाही. मैदानाभोवती शेकडो माणसं होती. एकानंही पाहिलं नाही. पडली ती प्रेमलता, तिलासुद्धा वाटलं की परकरात पाय अडकला."

चंपतरावांनी पुन्हा वही उघडली. त्यात हे कुठंच नव्हतं.

"ढाल शाळेत आली आणि चौथ्या दिवशी दुपारी तारा माझ्या घरी आली," यमुताई सांगू लागल्या. "उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. म्हणाली, प्रेमलता पडली नाही, बाई. मी पाडलं तिले. मले झोप नाही येऊन राहिली."

"असं होय!" चंपतरावांचा आवाज मऊ झाला. "आणि तुम्ही तिला मोठ्या बाईंकडे नेलंत. योग्य केलंत. हेच लिहून द्या ना. एवढ्यावर मी सही करीन."

यमुताईंच्या समोर कोरा कागद आला. लिहिलं की काम होणार होतं. मोठ्या बाई नोकरी सोडून केव्हाच अमरावतीला गेल्या होत्या. कोणी विचारायला येणार नव्हतं. घरी आंधळी सासू होती आणि कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. यमुताईंनी कागदाकडे पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"मी नेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला म्हटलं, कोणी पाहिलं नाही ना? मग गप्प बस. ढालीमुळे तुम्ही मला नोकरीत कायम केलं होतं. त्याला दोनच दिवस झाले होते. मी दार लावून घेतलं."

चंपतरावांनी हातातली वही खाली ठेवली.

"ती माझ्या दारातून सरळ मोठ्या बाईंकडे गेली. पंधरा वर्षांची पोर, एकटी. स्वतःचं सगळं सांगितलं. माझं एक अक्षर सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. तिच्या आईलाही ठाऊक नाही. ही वही तिच्या विरुद्ध आहे असं तुम्हाला वाटतं. पण तिनं तोंड उघडलं नसतं, तर या पानावर काहीच नसतं."

चंपतरावांनी कपाळ चोळलं. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले. "आता मला ते नोंदवावं लागेल. आणि नोंदवलं की तुम्हाला शाळेत ठेवता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

यमुताईंनी दौतीतला टाक उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आधी तिचं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "मग माझं."

चंपतरावांनी दोन्ही नावं लिहिली. एक यादीत, दुसरं नोंदवहीत.