सर्दीवरची सुई

साक्रीच्या दवाखान्यात डॉक्टर हेमराज मनात फणफणत होते. धुळ्याहून तपासणीला आलेली कालची पोर, डॉक्टर कामिनी, त्यांना औषधं लिहायला शिकवत होती! तिने आलेख पसरला. साध्या सर्दीला अँटिबायोटिक देणाऱ्यांत त्यांचाच खांब तालुक्यात सगळ्यांत उंच होता. "म्हणजे माझीच प्रॅक्टिस जोरात," ते तोऱ्यात हसले. "इथल्या अडाण्यांना सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, मॅडम. तुमची पुस्तकं पुण्या-मुंबईत चालतात." स्टुलावर शिंकणारे सुपडूआबा बाही वर करून बसलेच होते. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरलं, तेवढ्यात मुलीचा फोन आला. नातवाला सर्दी झाली होती. "अगं वेडे, सर्दीला कसलं अँटिबायोटिक! उगाच पोराच्या अंगात विष कशाला? गरम पाणी दे, आपोआप जाईल." फोन ठेवून त्यांनी सुई उचलली. सुपडूआबांनी बाही खाली ओढली. "डाक्टर, आमनी सर्दी येगळी शे का?"