सातवा संगणक

तांपेरे शहरातल्या आमच्या घरात, तळघरातल्या बाबांच्या एका संगणकाच्या पोटात सात आभासी संगणक होते. बाबा गेल्यावर सहा मी पुसले. सातवा त्यांनी मार्चमध्ये चालू असतानाच, होता त्या क्षणी गोठवून ठेवला होता.

"तोही पूस आणि वर ये," आई जिन्यातून म्हणाली. "किती दिवस उराशी धरणार?"

पुसण्याआधी मी तो एकदा जागा केला. आत मार्चमधलीच दुपार होती, तीन वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरातून आईने बाबांना पाठवलेला निरोप उघडाच होता: "तौनो, कॉफी गार होतेय हं!"

नेटची वायर मी सकाळीच काढली होती. तरी त्याखाली एकेक अक्षर उमटलं, बाबांच्या दोन बोटांच्या संथ गतीने: "आलो गं, दोन मिनिटं."

"आई," मी हाक मारली, "तिसरा कप काढ."

"कुणासाठी?"

आतल्या घड्याळात एक मिनिट सरलं होतं.