भडक

दुकानातलं सातवं जॅकेट तिने मुठीत दाबून सोडलं आणि आतली पिसं पुन्हा फुगेपर्यंत हात तसाच ठेवला. "स्कीइंगला हेच. यात सगळ्यांत भडक रंग कोणता?"

दुकानदाराने केशरी काढलं.

"अगं, लोकांचे डोळे दिपतील!" बाबा म्हणाले. "काळं घे, तुला शोभतं."

"दिपू देत. मला शोभायचं नाहीये बाबा, दिसायचंय." तिने जॅकेट अंगात चढवून चेन गळ्यापर्यंत ओढली. "उतारावर स्कीइंग शिकवणाऱ्या मॅडम पुढून 'डावीकडे, उजवीकडे' ओरडतील, तशी मी वळेन. पण बाकीचे मला कुठे दिसणार आहेत? मग त्यांना तरी मी दिसायला नको?"

तिची पांढरी काठी तिच्या हातात देऊन बाबा दुकानदाराला म्हणाले, "याहून भडक हेल्मेट आहे का हो?"