पहिली कवळी
कवळ्या बनवणारा मुलगा आईशेजारी बसून खुर्चीत सारखा चुळबुळत होता. डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला.
"कवळीची कड हिरडीला घासत राहिली. तिथली सूज वर्षानुवर्षं धुमसत होती. अशा सुजेतून कधी कधी कॅन्सर होतो, तसा यांना झालाय."
तो आईवर करवादला. "मी विचारलं होतं ना तुला, टोचतंय का म्हणून? दोन मिनिटांत कड तासून दिली असती."
आई पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "तुझं पहिलंच काम होतं. तुझे मालक शेजारीच उभे होते."
"बरं, आणि नंतर?"
"नंतर काय, येईल त्या गिऱ्हाइकापुढे तू मला हसून दाखवायला लावायचास."