चार मीटरचा थर

"मॅडम, खडक बदलला. ड्रिल थराबाहेर गेलंय," पडद्यावरची नजर न हलवता बर्नार्ड डिमेलो म्हणाला.

भूवैज्ञानिक सुलभा उकिडवे त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. समुद्रातल्या या जागी तेल आहे, असं त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच लिहून दिलं होतं. "थर जेमतेम चार मीटरचा. तेलाच्या किमतीपेक्षा काढायचा खर्च जास्त," असं म्हणून साहेबांनी तेव्हा फाइल मिटली होती. आता विहीर खोल नेऊन आडवी वळवता येत होती. एकाच विहिरीत दहा विहिरींचं काम होणार होतं, म्हणून निवृत्तीच्या वर्षी त्यांना ही संधी मिळाली होती. आणि नेमका तो थर निसटला होता.

मुंबईच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. "काम थांबवा. आणखी खर्च नको."

"एक तास द्या," सुलभाताई म्हणाल्या. वर आलेले खडकाचे तुकडे त्यांनी भिंगाखाली धरले. ते तेलाच्या थराच्या वर असलेल्या खडकाचे होते, म्हणजे ड्रिल वर सरकलं होतं.

"बर्नार्ड, दोन मीटर खाली घे."

"चुकलं तर?"

"तर माझं चुकलं."

चाळिसाव्या मिनिटाला ड्रिल पुन्हा थरात शिरलं. तीन आठवड्यांनी चाचणी झाली, तेव्हा अंदाजाच्या दुप्पट तेल आलं. तेलासोबत आलेला वायू पेटवला, तशी रिगच्या, म्हणजे समुद्रातल्या त्या तेलफलाटाच्या, टोकाला भली मोठी ज्योत धडाडली. बर्नार्डने पहिल्या तेलाची बाटली सुलभाताईंच्या हातात दिली. त्यांनी त्यात बोट बुडवून त्याच्या दोन्ही गालांना लावलं.

"भर समुद्रात गुलाल कुठून आणू?" त्या म्हणाल्या.

मग सगळी रिग गाल पुढे करून रांगेत उभी राहिली.