कडू भोपळ्यावरचं टरबूज

खोटं वाटेल, पण संवत छप्पनच्या दुष्काळात मांडूच्या तलावातले मासे पाणी शोधत पायी जवळच्या नालछा गावाला आले. तिथल्या चिमाजी माळ्यानं टरबुजाच्या कोवळ्या शेंड्यांचं कडू भोपळ्याच्या रोपांवर कलम बांधलं, कारण भोपळ्याची मुळं खोल जातात. “भिया, कडू बापाला गोड पोरं होतील का?” शेजारी हसला. वेल मात्र तरारले. “हे जगले तर गाव सोडायचं नाही,” बायकोला बजावून तो चाऱ्यासाठी धारला गेला. परतला, तेव्हा वेल वाळले होते. प्रत्येक जोडावर तिनं मायेनं माती चढवून स्वतःच्या वाट्याचं पाणी घातलं होतं. त्या ओलीत टरबुजानं आपलीच नाजूक मुळं फुटवली, भोपळ्याशी फारकत घेतली; ओल सरताच मान टाकली. “कलमाची जखम उघडी बघवेना हो,” ती म्हणाली. “आता मागं वळून बघू नकोस,” म्हणत चिमाजीनं गाठोडं तिच्या हाती दिलं आणि घराला बाहेरून कडी घातली.