निळी झाक

तिसरा फोटोही भागीरथाबाईंनी काउंटरवरून परत सरकवला.

"ओठ निळेच आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या पोराचे ओठ असे नव्हते."

केशवरावांनी फोटो उचलून पुन्हा उजेडात धरला. सीताबर्डीवर रंगीत फोटो स्वतःच्या हाताने धुऊन छापणारी माणसे तेव्हा दोन-तीनच, आणि त्यांत केशवरावांचे नाव पहिले घेतले जाई. तरी रंगाच्या बाबतीत या बाईंशी वाद घालण्याची त्यांची छाती नव्हती. पाचपावलीतल्या विणकरांच्या घरांत रंगवलेले सूत आधी भागीरथाबाईंच्या डोळ्यांखालून जात असे. दोन लडी शेजारी शेजारी धरून त्या उंबऱ्यात उभ्या राहत, भर दुपारच्या उन्हात पाहत, आणि कोणती लड परत रंगाच्या हौदात बुडवायची ते सांगत. त्यानंतर कुणी तोंड उघडत नसे. चाळीस वर्षे निळ्या हौदात काम केलेल्या त्यांच्या नखांचा रंग आता जन्माचा झाला होता.

फोटो त्यांच्या नातवाचा होता. गोविंदा मार्गशीर्षात वर्षाचा झाला तेव्हा काढलेला. चैत्रात तो गेला. दुसरा फोटो नव्हता, भिंतीवर लावायला हाच एक. मूल धड बसत नव्हते म्हणून आईने मागे बसून त्याला दोन्ही हातांनी सावरले होते. ते हात कापून टाक, एकटे पोर ठेव, असे भागीरथाबाईंनी केशवरावांना पहिल्याच दिवशी बजावले होते.

त्या हातांबद्दल मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होते. सून लतिका हौदावरून उठून तशाच रंगलेल्या हातांनी पोराला घेई, तो रंग पोराच्या पोटात गेला आणि त्यानेच पोर गेले. माणसे बसायला आली तेव्हा भागीरथाबाईंनीच हे चारचौघांत सांगितले होते. त्यांचा मुलगा नत्थू मागावर बसून राहिला. पंधरा दिवसांत लतिका आपल्या लोखंडी पेटीसह उमरेडला, माहेरी पोचती झाली. जाताना ती रडली नाही. बाळ रडले की त्याचे ओठ निळे पडतात, त्याला दवाखान्यात नेऊ, असे आपण तीनदा सांगितले होते, एवढेच तिने दारात उभी राहून म्हटले. ते खरे होते. तिन्ही वेळा भागीरथाबाईंनी फडके ओले करून बाळाचे ओठ पुसले होते, आणि तुझ्याच हातांचा रंग आहे, आधी हात घासून ये, असे सुनेला सुनावले होते.

केशवराव आता हळू आवाजात सांगू लागले. पहिला फोटो निळा आला तेव्हा फिल्मचाच दोष आहे असे त्यांना वाटले. दुसऱ्या वेळी त्यांनी फिल्टर बदलला, तिसऱ्या वेळी आणखी बदलला. पण ओठांवरचा निळा जरा ओसरला की अंगातले पांढरे झबले हळदीत बुडवल्यासारखे पिवळे पडे. झबले पांढरे केले की ओठ पुन्हा निळे.

"तं ब्रशनं रंगव," भागीरथाबाई म्हणाल्या.

रंगवून देईन, पण आधी एकदा हा पाहा, असे म्हणून केशवरावांनी खणातून चौथा फोटो काढला. तो अख्खा होता. त्यात काही कापलेले नव्हते.

"मावशी, दोष फोटोचा असता तं सगळ्यावरच पडला असता. झबलं पाहा, पांढरं आहे. हे मायचे हात पाहा, नखं कशी गुलाबी आहेत. मी रंग या हातांवरूनच जुळवला."

भागीरथाबाईंनी फोटो घेतला आणि सवयीने त्या दुकानाच्या पायरीवर, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

बाळाच्या पोटाभोवती लतिकाची दहा बोटे होती. स्वच्छ. फोटोच्या आधीचे तीन आठवडे ती बहिणीच्या लग्नाला उमरेडला होती. त्या दिवशी बसमधून उतरून बाळाला घेऊन ती सरळ इथे आली होती आणि उशीर केला म्हणून याच पायरीवर भागीरथाबाई तिला टाकून बोलल्या होत्या. तीन आठवडे तिचा हात हौदाला लागला नव्हता. त्या बोटांजवळ बाळाच्या दोन मुठी होत्या. हौदाचा रंग नखाच्या कडेला बसतो, कातडीच्या सुरकुत्यांत साचतो. हे भागीरथाबाईंनी मोहल्ल्यातल्या किती पोरींना शिकवले होते. बाळाच्या या निळसर नखांच्या कडा कोऱ्या होत्या. निळा आतून आला होता, सारखा, कुठेही न साचता. फोटोची कड धरलेला त्यांचा स्वतःचा अंगठा शेजारीच होता. दोन निळे एका उन्हात होते. ते जुळत नव्हते.

रस्त्यावरून सायकलरिक्षा जात राहिल्या. शेवटी केशवरावांनी आतून विचारले, ओठ रंगवू ना, आणि हात कुठून कापू.

"रंगवू नको," त्या म्हणाल्या. "हात राहू दे गा, केशव."

तिन्ही वेळा ते फडके कोरे निघाले होते. भागीरथाबाईंनी ते तेव्हाच पाहिले होते.